आत एक, बाहेर एक: दरवेळी ते ढोंगच असतं का?

उंबरठा

"मी बाबा जे असेल ते तोंडावर बोलतो, पोटात काही ठेवत नाही" असं छाती पुढे काढून सांगणारा एक तरी माणूस प्रत्येकाच्या ओळखीत असतो. या मंडळींकडे जरा नीट बघा. त्यांचा स्पष्टवक्तेपणा बहुतेक वेळा उतारावरूनच वाहतो. हाताखालचा माणूस, धाकटं भावंड, उलट बोलायची सोय नसलेलं कुणीही असलं की हे 'तोंडावर' सुनावणार. वरिष्ठांसमोर मात्र तेच तोंड शब्द मोजूनमापून वापरतं. म्हणजे पोटात ठेवायची कला त्यांनाही येते. कुणापुढे ठेवायचं आणि कुणापुढे सोडायचं, एवढंच काय ते ठरलेलं.

हे लिहायचं कारण असं की 'ओठात एक, पोटात एक' ही आपल्याकडे सरसकट शिवी झाली आहे. मला ते पटत नाही.

तुम्हाला हवी असलेली बढती शेजारच्या टेबलावरच्या माणसाला मिळाली असं धरा. तुम्ही उठून जाता, हात मिळवता, "मनापासून अभिनंदन" म्हणता. आत जळफळाट चाललेला असतो. जागेवर येऊन बसलं की वाटतं, काय हे, किती खोटे आहोत आपण! पण आत नुसता जळफळाटच होता का? त्याने घेतलेले कष्ट तुम्ही पाहिलेले असतात, त्यामुळे थोडं बरंही वाटलेलं असतं. थोडी स्वतःचीच चीड आलेली असते. एवढ्या गर्दीतून जी भावना सगळ्यात कुरूप तीच 'खरी' आणि बाकीच्या वरवरच्या, हा निवाडा कुणी दिला? अभिनंदन करताना तुम्ही आतल्याच गोष्टींपैकी एक उचललीत आणि पुढे केलीत. बाकीच्या मागे ठेवल्या. यात ढोंग कुठे आलं?

रुग्णासमोर चेहरा शांत ठेवणाऱ्या डॉक्टरला कुणी दुतोंडी म्हणत नाही. मुलाच्या निकालाआधी स्वतःची धाकधूक न दाखवणाऱ्या आईला तर आपण शहाणी म्हणतो. मग अभिनंदन करणाऱ्यालाच का वेगळा न्याय?

बोला. वाद झाला तर उत्तम, नुसतं +१ नको.

रातकिडा

+१

राहवलं नाही, माफी असावी. आता नीट लिहितो. उताराबद्दल पूर्ण सहमत. नात्यातले एक गृहस्थ 'मी तोंडावर बोलतो' हे वाक्यसुद्धा माणूस निघून गेल्यावर त्याच्या पाठीमागे म्हणतात.

शुद्धमठ्ठ

वाद हवाय ना, घ्या मग.

तुमची डॉक्टर आणि आई ही दोन्ही उदाहरणं सोयीची आहेत. तिथे चेहरा समोरच्याच्या भल्यासाठी शांत ठेवलेला असतो. बढतीच्या उदाहरणात तुम्ही हात मिळवता तो स्वतःसाठी. लोकांनी मत्सरी म्हणू नये, उद्या त्याच माणसाकडे सही मागायला जावं लागेल तेव्हा अडचण नको, म्हणून. त्याला 'आतल्यांपैकी एक निवडली' असं गोंडस रूप देऊ नका.

आणि नुकसान होतं ते पुढे. सगळेच सगळ्यांना "मनापासून" म्हणायला लागले की ज्याला खरंच मनापासून म्हणायचंय त्याच्याकडे शब्दच उरत नाही. माझ्या ओळखीतली दोन-तीन माणसं अशी आहेत की त्यांनी "बरं झालंय" म्हटलं तरी मला दिवसभर पुरतं, कारण आवडलं नाही तर ती गप्प बसतात हे मला माहीत आहे. ती सुनावत नाहीत, खोटंही बोलत नाहीत. हा तिसरा मार्ग तुम्ही मोजलाच नाही.

अनुस्वार

शुद्धमठ्ठ यांची बाजू घेणारा एक जुना दादा माणूस आहे आणि गंमत म्हणजे तोच उंबरठा यांचीही बाजू घेतो. जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट. १७९७ मध्ये त्याने लिहिलं की दारात आलेल्या खुन्याने तुमचा मित्र घरात आहे का असं विचारलं तरी खोटं बोलायचा अधिकार तुम्हाला नाही. इतका कर्मठ. आणि पुढच्याच वर्षी, १७९८ मध्ये, हाच माणूस शिष्टाचाराबद्दल म्हणतो की माणसं जितकी सुसंस्कृत तितकी ती जास्त नट असतात, पण त्यात कुणी फसत नाही. हे सगळं काळजातून आलेलं नाही हे दोघांनाही ठाऊक असतं. वर असंही म्हणतो की ज्या सद्गुणांचं सोंग माणूस करत राहतो ते हळूहळू खरोखर अंगी लागतात.

म्हणजे त्याच्या हिशेबाने खोटं बोलणं वेगळं आणि रीत पाळणं वेगळं. "अभिनंदन" ही रीत. "मनापासून" हा शब्द जोडला की मात्र तुम्ही साक्ष द्यायला लागता. शुद्धमठ्ठ यांचा आक्षेप त्या एका शब्दापुरता घेतला तर मला मान्य आहे.

सोंग अंगी लागतं याचा पुरावा थोडा विचित्र आहे. लिऑन फेस्टिंगर आणि जेम्स कार्लस्मिथ यांनी १९५९ मध्ये विद्यार्थ्यांना तासभर अतिशय कंटाळवाणं काम दिलं. लाकडी खुंट्या फिरवत बसायच्या. मग सांगितलं, बाहेर थांबलेल्याला जाऊन सांग की मजा आली. काहींना या खोट्याचे २० डॉलर दिले, काहींना फक्त १ डॉलर. नंतर खरं मत विचारलं तेव्हा एक डॉलरवाल्यांना काम जास्त आवडलेलं निघालं! वीस डॉलरवाल्यांकडे खोटं बोलायला भरभक्कम कारण होतं, त्यामुळे त्यांचं आतलं मत जिथल्या तिथे राहिलं. एक डॉलरवाल्यांकडे कारण नव्हतं, म्हणून मतच सरकलं.

तेव्हा बाहेरचं आत झिरपतं हे खरं, पण कधी झिरपतं ते बघावं लागतं. जिथे सक्ती उघड असते तिथे आतला माणूस बहुधा शाबूत राहतो. बारीकशा भिडेपोटी बोललेलं मात्र आपल्याला नकळत बदलू शकतं.

दोनटाके

अनुस्वार, म्हणजे मला पगार मिळतो म्हणून माझं आतलं शाबूत असायला हवं. पगाराचा आकडा सांगितला तर तुम्ही मला एक डॉलरवाल्यांत बसवाल.

मी फोनवर तक्रारी घेते. वर चाललेली सगळी चर्चा निवड करता येणाऱ्यांची आहे. हसून बोलायचं की नाही, कुणाचं अभिनंदन करायचं की गप्प बसायचं. माझ्याकडे ती निवड नाही. "हसू आवाजात ऐकू येतं" हे आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवलं. समोरचा आईवरून शिवी देत असताना "तुमचा त्रास मी समजू शकते" हे वाक्य कोणत्या सुरात म्हणायचं याचेही गुण असतात. संवाद रेकॉर्ड होतो तो आमच्या सोयीसाठी नव्हे.

आर्ली हॉकशील्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ मध्ये यावर लिहिलं. भावना हासुद्धा श्रम आहे आणि तो विकला जातो, हा त्यांचा मुद्दा. विमानातल्या सेविकांवरचा भाग सगळे सांगतात. मला त्यातला दुसरा भाग जास्त लागला. त्यांनी थकलेली बिलं वसूल करणाऱ्यांकडेही पाहिलं होतं. सेविकेला राग आला तरी गोड राहायचं आणि वसुलीवाल्याला दया आली तरी कडक राहायचं. आमच्याच मजल्यावर पलीकडच्या बाजूला वसुलीचं काम चालतं. तिथला एक मुलगा स्वभावाने इतका मवाळ आहे की सुट्टीत लिफ्टमध्येही कुणाला पुढे सरका म्हणत नाही. फोनवर मात्र त्याचा आवाज ऐकवत नाही. चांगुलपणाचं सोंग करावं लागणाऱ्यांबद्दल सगळे बोलतात, दुष्टपणाचं सोंग ज्याच्या गळ्यात पडतं त्याच्याबद्दल कुणी बोलत नाही.

बाई दोन तऱ्हा सांगतात. एक म्हणजे नुसता चेहरा आणि आवाज लावायचा, आतलं आहे तसं राहू द्यायचं. दुसरी म्हणजे आतलंच वळवायचं. समोरचा ओरडतोय तो घाबरलाय, आपलाच कुणी आहे असं मनाशी धरायचं, म्हणजे खरोखरच कणव येते. नंतरचे अभ्यास बहुतेक असंच सांगतात की पहिल्या तऱ्हेने माणूस जास्त थकतो. माझं उलट होतं. नुसता आवाज लावला की घरी येताना तो तिथेच ठेवता येतो. कणव आणायला लागले तेव्हा ती घरीही संपलेली असायची. मुलगी एकदा म्हणाली, "आई, माझ्याशी तसं नको बोलूस." कसं ते तिला सांगता आलं नाही, पण मला कळलं.

उंबरठा

दोनटाके, हे माझ्या मूळ लेखात नव्हतं आणि असायला हवं होतं. सही करून घ्यायच्या माणसापुढे हसणं आणि आठ तास हसण्याचा पगार घेणं यांना एकाच तागडीत टाकता येणार नाही.

एक विचारते. तुम्हाला मागची खोली असते का? अर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञांनी १९५९ च्या आसपास हे सगळं रंगमंचाच्या भाषेत मांडलं होतं. त्यांनी शेटलंड बेटांवरच्या हॉटेलात राहून निरीक्षण केलं होतं. पाहुण्यांसमोर वावरणारी तीच माणसं स्वयंपाकघराच्या दारातून आत गेली की बोलणं, उभं राहणं, सगळं पालटायचं. त्यांच्या मते पुढचा भाग टिकतो तो मागच्या भागाच्या जिवावर.

दोनटाके

होती. जिन्याचा कठडा. आता तिथेही कॅमेरा आहे.

हेलपाटा

सगळे एकाच दिशेने बोलताय, आत काहीतरी वाईट आणि बाहेर गोड. उलटं असलेल्यांचं काय?

वडील गेले तेव्हा मला रडू आलं नाही. तेव्हाही नाही, नंतरही चारचौघांत नाही. कागदपत्रं, फोन, बँक, विमा हे सगळं मी करत होतो आणि लोक एकमेकांत "फारच कोरडा आहे" म्हणत होते. काहींनी ते माझ्या कानावर पडेल अशा बेताने म्हटलं. माझ्या आत काय चाललं होतं ते इथेही लिहिणार नाही, पण कोरडं नक्कीच नव्हतं. उंबरठा म्हणतात तशी निवड मी केली नव्हती. चेहऱ्यापर्यंत काही पोचतच नव्हतं.

मला तेव्हा सगळ्यात जास्त कशाचा राग आला माहीत आहे का? यांना दिसत कसं नाही, याचा. नंतर कुठेतरी वाचलं की हा सर्वांचाच भ्रम आहे. थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये प्रयोग केले. लोकांना काही पेयं प्यायला दिली, त्यातलं एक भयंकर चवीचं, आणि चेहरा निर्विकार ठेवायला सांगितलं. पिणाऱ्यांना वाटत होतं की बघणाऱ्यांना सहज ओळखता येईल. बघणाऱ्यांना तितकं ओळखता आलं नाही. आपल्या आतलं आपल्याला इतकं ढळढळीत जाणवतं की ते बाहेर गळतंय असंच आपण धरून चालतो.

आपल्याला वाटतं आपण दाखवलं, आणि समोरच्याला काहीच पोचलेलं नसतं. निम्मे रुसवे यातूनच होत असावेत.

रातकिडा

हेलपाटा, लिहिलंत हे बरं केलंत.

पण चेहरा वाचण्यात तरबेज असल्याचा दावा करणारे किती तरी भेटतात. डोळ्यांत हसू नाही म्हणजे खोटं हसतोय वगैरे.

अनुस्वार

डोळ्यांचा शोध फ्रेंच डॉक्टर दुशेन यांचा, १८६२ चा. ओठांचे कोपरे वर नेणारा स्नायू मनात आणलं की हलतो, पण डोळ्यांभोवतीचा स्नायू खऱ्या आनंदाशिवाय हलत नाही, असं त्यांचं म्हणणं. पुढच्या संशोधनात दिसलं की बऱ्याच लोकांना तोही ठरवून हलवता येतो. आणि चार्ल्स बाँड व बेला डीपॉलो यांनी २००६ मध्ये खोटं ओळखण्याच्या शेकडो प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला तेव्हा बरोबर ओळखण्याचं सरासरी प्रमाण ५४ टक्के निघालं. नाणं उडवलं तर ५०. तरबेज मंडळींना हे सांगू नका, त्यांच्या चेहऱ्यावर काय उमटेल ते मला वाचता येणार नाही.

कोरीपाटी

आतापर्यंत एकेका माणसाबद्दल बोलणं झालं. बैठकीत बसलेल्या दहा जणांचं काय?

साहेब योजना मांडतात. "काही शंका?" मला ती योजना फसणार असं दिसतंय. इकडेतिकडे बघते तर सगळे माना डोलावताहेत. मनात म्हणते, यांना पटलेलं दिसतंय, मलाच कळत नसेल. मीही मान डोलावते. माझी डोलणारी मान बघून शेजारचा तेच म्हणतो. बाहेर पडल्यावर जिन्यात कळतं की कुणालाच पटलं नव्हतं.

यात लक्ष द्यायची गोष्ट ही की प्रत्येकाला स्वतःबद्दल नीट माहीत असतं की आपण भिडेखातर मान हलवली. तरीही दुसऱ्याची मान मात्र मनापासून हललीय असं तो धरतो. डेबोरा प्रेंटिस आणि डेल मिलर यांनी १९९३ मध्ये प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांमध्ये हेच दाखवलं. विद्यापीठात चालणाऱ्या दारूबद्दल बऱ्याच जणांना आतून अस्वस्थ वाटत होतं, पण बाकीच्यांना त्याचं काही वाटत नाही अशी त्यांची समजूत होती. खाजगी मत एक, सार्वजनिक समजूत दुसरी, आणि ती समजूत टिकवणारे सगळे खाजगीत विरोधात!

टिमूर कुराण या अर्थतज्ज्ञाने हे राजकारणाला लावलं. १९८९ मध्ये पूर्व युरोपातल्या राजवटी एकामागून एक इतक्या झटपट पडल्या की जाणकारही चकित झाले. त्याचं म्हणणं, लोक खरं मत लपवत होते, त्यामुळे विरोध किती आहे हे विरोधकांनाही माहीत नव्हतं. काही जण उघड बोलले, मग बाकीच्यांना कळलं की आपण एकटे नाही.

तेव्हा उंबरठा, तुमची 'निवडलेली भावना' दोन माणसांत चालेल. दहा माणसांनी दररोज तेच केलं तर खोलीत कुणालाच ठाऊक नसतं की खोलीचं मत काय आहे.

उंबरठा

मान्य, आणि इथे मी बाजू थोडी बदलते. अभिनंदन करताना माझ्या मनातलं कळलं नाही म्हणून त्या सहकाऱ्याचं काही बिघडत नाही. बैठकीत माझ्या मनातलं कळलं नाही तर सगळ्यांचं बिघडतं. माहिती आणि भावना यांत फरक करायला हवा होता. मत्सर पोटात ठेवावा, शंका ठेवू नये.

पण शंका बोलून दाखवायचं धैर्य एकट्यादुकट्याकडून मागणं हा साहेबांचा आळस आहे. सॉलोमन ॲश यांचे १९५० च्या दशकातले प्रयोग घ्या. रेषांची लांबी सांगायचीय, बाकीचे सगळे ठरवून चूक सांगतात, आणि खरा सहभागी बऱ्याचदा त्यांच्यामागे जातो. तेच उत्तर कागदावर गुपचूप लिहायची मुभा दिली की चुका खूप कमी होतात. म्हणजे माणसाला बरोबर दिसत असतं. "काही शंका?" असं चारचौघांत विचारणाऱ्याला उत्तर नकोच असतं. हवं असतं तो चिठ्ठ्या वाटतो.

शुद्धमठ्ठ

चिठ्ठ्या आवडल्या.

घराचं काय पण? तिथे कॅमेरा नाही, साहेब नाहीत. तरी "काही नाही झालं" हे जगातलं सगळ्यात जास्त बोललं जाणारं खोटं वाक्य घरातच बोललं जात असेल.

दोनटाके

ते खोटं लपतही नाही, अंगाला कळतं. एमिली बटलर आणि सहकाऱ्यांचा २००३ चा एक प्रयोग आहे. अनोळखी बायकांच्या जोड्या, दोघींनी एक अस्वस्थ करणारी फिल्म पाहिली आणि मग त्यावर बोलायचं. काही जोड्यांत एकीला गुपचूप सांगितलं होतं की भावना अजिबात दिसू द्यायची नाही. तर जिला काहीच सांगितलं नव्हतं त्या समोरच्या बाईचाही रक्तदाब वाढला. दगडाशी बोलल्यासारखं होत असणार. जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हन्सन यांनी १९९३ मध्येच दाखवलं होतं की चेहरा दाबल्याने आतली किळस कमी होत नाही, शरीरावरचा ताण मात्र वाढतो.

वर हेलपाटा म्हणतात की दिसत नाही, आणि मी म्हणतेय की अंगाला कळतं. दोन्ही खरं आहे. काय झालंय ते कळत नाही, काहीतरी झालंय एवढं कळतं. आणि तेच सगळ्यात वाईट, कारण उरलेलं समोरचा स्वतःच्या मनाने भरतो. म्हणून मी घरी आता "काही नाही" म्हणत नाही. "झालंय, पण आत्ता बोलायचं नाहीये" म्हणते. यात आतलं सांगावं लागत नाही आणि खोटंही बोलावं लागत नाही.

हेलपाटा

हे मला दहा वर्षांपूर्वी हवं होतं.

झरोका

वाचनमात्र असते, आज लिहितेय. सगळे धरून चालले आहेत की आत काय आहे ते आपलं आपल्याला माहीत असतं. लहानपणापासून सगळ्यांचं मन राखत आले. हल्ली कुणी विचारलं, "तुला काय हवंय?" तर खरंच काही येत नाही. लपवत नाहीये. उत्तर सापडत नाही. डोनाल्ड विनिकॉट या बालरोगतज्ज्ञ-मनोविश्लेषकाने १९६० मध्ये अशा खोट्या 'स्व'बद्दल लिहिलं होतं, ते वाचून थोडा धीर आला, की ही ओळखीची गोष्ट आहे. माझ्याकडे पुढे सांगण्यासारखं काही नाही. पण उंबरठा यांच्या 'आतल्यांपैकी एक निवडा' या वाक्यापाशी मी अडले.

उंबरठा

झरोका, तुमच्यासाठी माझ्याकडे तयार उत्तर नाही. लिहीत राहा इथे. कुणाचंही मन न राखता.

शुद्धमठ्ठ

एक प्रत्यक्षातला प्रश्न टाकतो, तत्त्वज्ञान पुरे. मित्राने कवितासंग्रह केलाय. मला वाचायला दिला. वाईट आहे. नुसता सुमार नाही, वाईट. उद्या भेटणार आहे आणि "कसा वाटला?" विचारणार आहे. माझा गप्प बसण्याचा तिसरा मार्ग इथे चालत नाही, कारण गप्प बसलो तर त्याला सगळं कळेल.

अनुस्वार

त्यातली जी एक ओळ बरी वाटली असेल तिच्याबद्दल दहा मिनिटं बोला. कांटची हरकत नसावी.

शुद्धमठ्ठ

एकही ओळ नाही हो.

दोनटाके

छापून झालाय की अजून बदलता येईल? बदलता येणार असेल तर सगळं सांगा, कितीही जड गेलं तरी. छापून झाला असेल तर त्याला परीक्षण नकोय, त्याला मित्र हवाय. "मनापासून" हा शब्द तेवढा गाळा.

शुद्धमठ्ठ

छापून झालाय. मला दिली ती पहिली प्रत.

दोनटाके

मग अभिनंदन करा.

शुद्धमठ्ठ

करतो. पण मला सोंग जमत नाही, माझ्या चेहऱ्यावर लगेच दिसेल.

हेलपाटा

नाही दिसणार.

रातकिडा

५४ टक्के दिसेल.

शुद्धमठ्ठ

ठीक. दुसऱ्या संग्रहाचं हस्तलिखित मात्र आधी मागून घेणार आहे, आणि तेव्हा बोलणार आहे.